चौसष्ट खरी

शेजारच्या आदुन्नीबाईंची सून बाळंत झाली, बाळाला ताप आला म्हणून दोघांना ठेवून घेतलं, आणि बघून यायला हवं एवढ्याच शेजारधर्मापोटी इबिदून लालेये नायजेरियातल्या जुन्या इबादान शहरातल्या त्या सरकारी प्रसूतिगृहात गेली. बालआरोग्याची प्राध्यापिका असूनही असल्या वॉर्डात पाऊल ठेवून तिला चार-पाच वर्षं झाली होती. तिचा संबंध आता कागदावरच्या मुलांशी येई. त्यांना वजन असे, ताप असे, पण ती रडत नसत. वॉर्डात फिनेलचा, ओल्या कपड्यांचा आणि कुणीतरी डब्यातून आणलेल्या तळलेल्या केळ्यांचा वास एकात एक मिसळला होता. बाळ बरं दिसत होतं. "उद्या सोडणार आम्हांला," सून म्हणाली. "इंजेक्शनं किती दिवस दिली गं?" इबिदूनने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर सिस्टरने दिलं. "तीन, मॅडम. तीन पुरेत. ते काय लावलंय तिथं." भिंतीवर प्लास्टिकच्या कागदात घातलेला एक तक्ता होता. नवजात बाळाला जंतुसंसर्ग असेल तर काय काय करायचं, याची चित्रं, आणि खाली ठळक अक्षरांत: सात दिवस नकोत, तीन दिवस पुरेत. त्याच्याही खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एका संशोधनपत्रिकेचं नाव, खंड, अंक, पानं एकेचाळीस ते एकोणपन्नास. ती अक्षरं वाचायला इबिदूनला जवळ जावं लागलं नाही. त्या पत्रिकेची संपादक म्हणून ती पानं तिनेच लावली होती. त्यांना जागा करायला कुपोषणावरचा एक चांगला निबंध पुढच्या अंकात ढकलला होता. "आपल्याच युनिव्हर्सिटीतलं आहे हे," सिस्टर कौतुकाने म्हणाली. "गोऱ्यांनी सांगितलेलं नाही. आपल्या माणसांनी आपल्या मुलांवर पाहून लिहिलंय."

पलीकडच्या टोकाच्या खाटेवर एक बाई बसली होती. तिचं सामान बांधून झालं होतं आणि ती न्यायला येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत होती. तिच्या छातीवर कापड भिजून गडद झालं होतं. दूध उतरत होतं, आणि प्यायला कुणी नव्हतं. सिस्टर आवाज खाली आणून म्हणाली, "शनिवारी सोडलं होतं. मंगळवारी परत घेऊन आली. आज सकाळी गेलं." इबिदूनने विचारलं, त्याला किती दिवस दिली होती? सिस्टरला प्रश्नच कळला नाही. "तीनच की, मॅडम. सगळ्यांना तीनच."

गाडी मोकोलाच्या चढावर तुंबून राहिली. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमटान वाऱ्याची धूळ काचेवर पिठासारखी बसत होती आणि बाजूच्या टॅक्सीतला माणूस हॉर्नवर तळहात टेकवून झोपल्यासारखा बसला होता. एका मुलावरून काही सिद्ध होत नाही, हे वाक्य इबिदून वीस वर्षं वर्गात शिकवत आली होती. पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची, पोरं वहीत उतरवून घ्यायची. ते मूल सात दिवस इंजेक्शन देऊनही गेलं असतं. कदाचित त्याला वेगळंच काही झालं असेल. कदाचित आईने घरी काही पाजलं असेल. वाक्य खरंच होतं, त्यात कुठे फट नव्हती, आणि तरी ते डोक्यात फिरवताना तिला भिजलेलं कापडच दिसत राहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की एका मुलावरून काही सिद्ध होत नसलं, तरी त्या निबंधातल्या दोनशे बारा मुलांवरून होतं, असं जगाला सांगणारी ती स्वतः होती. आणि ती दोनशे बारा मुलं होती कुठे, हे तिला तेव्हाही ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हणणंही खोटं. ठाऊक करून घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

सात वर्षांपूर्वी ओगुनमोला सर तीन मजले चढून तिच्या खोलीत आले होते. लिफ्ट बंद होती. तेव्हा त्यांना कुणी प्रोफेसर म्हणत नसे. डॉक्टर ओगुनमोला, गुणी माणूस, पण बढतीच्या वेळी दर खेपेला कुणीतरी पुढे निघून गेलेलं. सहा महिन्यांत त्यांची पासष्टी येणार होती. प्रोफेसर झाले तर सत्तरीपर्यंत खुर्ची, नाहीतर पासष्टीला घरी. समितीने निबंध मोजले आणि एक कमी भरला. त्यांनी फाइल दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली होती, धाकट्याने मोठ्यापुढे धरावी तशी, आणि ते बघून इबिदून लाजेने उठून उभी राहिली होती. "इबी, पोरी, एवढा एक," ते म्हणाले. तिचे वडील ती शाळेत असताना गेले. लग्नात वडिलांच्या जागी सर बसले होते. ती गुडघे टेकून त्यांच्यापुढे बसली तेव्हा आशीर्वादाचे शब्द ते मधेच विसरले होते. त्याआधी, युनिव्हर्सिटीचा आठ महिन्यांचा संप चालू असताना, टपाल, शिपाई, सगळंच ठप्प, तेव्हा तिचा प्रबंध स्वतःच्या गाडीच्या डिकीत घालून ते पार जॉस शहरापर्यंत परीक्षकाच्या घरी देऊन आले होते. वाटेत टायर फुटलं, ही गोष्ट ते अजून हसत सांगत. अशा माणसाचा निबंध हातात घेताना तिने काही वाकडं करायचं मनात आणलं नव्हतं, हे तिला आजही शपथेवर सांगता आलं असतं. तिने तो रीतसर परीक्षणाला पाठवला. वॉर्डातली माहिती असलेलं माणूस हवं म्हणून हदिजा बुकारकडे पाठवला, उत्तरेतल्या बोर्नो राज्यातून आलेली, विशेषज्ञ व्हायची परीक्षा तोंडावर आलेली, बारीक, फटकळ मुलगी.

हदिजाचं पत्र आठ दिवसांत आलं. इबिदूनला त्यातली वाक्यं पाठ होती, पाठ करायची नव्हती तरी. 'मॅडम, आकडेमोड बरोबर आहे. आकडे बरोबर नाहीत. तक्ता क्रमांक तीनमध्ये दोनशे बारा मुलं आहेत आणि त्यांतली एकही आई मधेच उठून गेलेली नाही. माझ्या वॉर्डातून दर शुक्रवारी निम्म्या आया पळतात. कुणाची दुसरी मुलं घरी असतात, कुणाचं बाजारातलं दुकान. जिथून कुणीच जात नाही असा वॉर्ड मला दाखवा, मी डॉक्टरकी सोडून तिथे झाडू मारायला येते.' इबिदून वाचून मोठ्याने हसली होती. हसू ओसरल्यावर तिने तक्ता पुन्हा पाहिला. मधेच गेलेल्यांचा रकाना वरपासून खालपर्यंत शून्यांचा होता. तेव्हा ते पत्र घेऊन तिने खालच्या मजल्यावर जावं, दार लोटावं आणि पत्र सरांच्या टेबलावर ठेवावं, नावासकट, हे कसं घडलं? परीक्षक कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही, ही या कामातली पहिली अट. नवख्या कारकुनालाही ती सांगितलेली असते. तिला वाटलं होतं, सर वाचतील, घाबरतील, म्हणतील, थांब, मी तपासून देतो. सरांनी चष्मा लावून पत्र वाचलं, चार घड्या करून परत दिलं आणि म्हणाले, "ही बोर्नोची मुलगी ना? हुशार आहे." बाकी काही नाही. इबिदूनने पत्र फाइलमधून काढलं. निबंध तिने कोलावोलेकडे दिला. तो तिच्या वर्गातला, सरांचाच विद्यार्थी. त्याने दोन ओळी लिहिल्या: अत्यंत मोलाचं काम, अवश्य छापावं. पुढच्या वर्षी हदिजा शेवटच्या तोंडी परीक्षेत नापास झाली आणि आपल्या गावी, मैदुगुरीला, परत गेली. परीक्षा मंडळाचे अध्यक्ष प्रोफेसर ओगुनमोला होते. एका विद्यार्थिनीवरून काही सिद्ध होत नाही, असं इबिदूनने तेव्हाही स्वतःला शिकवलं होतं.

प्रसूतिगृहातून आल्यावर अकरा दिवस तिने काही केलं नाही. वर्ग घेतले, अंकाची मुद्रितं तपासली. जेवताना घास तोंडात तसाच राही आणि मग आठवण झाल्यावर ती तो चावी. बाराव्या दिवशी, रविवारी, प्रार्थना आटोपून ती सरांच्या घरी गेली. सर ओसरीवर उकडलेल्या शेंगा सोलत बसले होते. तिने नेहमीप्रमाणे गुडघे टेकले. चौपन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, पण त्यांच्यापुढे ती कधी नुसती मान लववून थांबली नव्हती. "ये गं, ये. किती वाळलीस? काय खातेस की नुसती पत्रिकाच चघळतेस?" त्यांनी शेंगांची परात तिच्याकडे सरकवली.

"सर, त्या तीन दिवसांच्या निबंधाची मूळ रजिस्टरं हवी होती."

सरांनी एक शेंग सोलून संपवली. "उंदरांनी खाल्ली," ते म्हणाले, आणि मग स्वतःच हसले. "दुसरं कुणी असतं तर हेच सांगितलं असतं. तुला कशाला खोटं सांगू? चौसष्ट खरी होती, इबी. चौसष्ट मुलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, एकेक. तीन दिवसांची आणि सात दिवसांची, सारखीच बरी झाली. मग डॉक्टरांचा संप लागला. वॉर्डाला कुलूप, पाच महिने. कुठून आणू मुलं? तोवर माझी पासष्टी उलटली असती."

"आणि बाकीची?"

"बाकीची जशी आली असती तशी मांडली. शितावरून भाताची परीक्षा करतात की नाही?"

"एकशे अठ्ठेचाळीस मुलं, सर."

"तू मोजलीस वाटतं." ते रागावले नव्हते. "हे बघ, मुलं मरतात. सात दिवस दिलं तरी मरतात, मी चाळीस वर्षं बघितलंय. आणि सात दिवस थांबतं कोण? तिसऱ्या दिवशी बाई मूल पाठीला बांधून चालू लागते. मी तेच कागदावर आणलं. कदाचित ते बरोबरही असेल."

हेच तिला सहन होईना. ते बरोबर असूही शकत होतं. कुणीच पाहिलं नव्हतं. चुकीचं आहे असं ठाम सांगता आलं असतं तर रागावता आलं असतं. इथे नुसता काळोख होता, आणि त्या काळोखावर कुणीतरी ठळक अक्षरांत पाटी लावली होती. "निबंध मागे घ्यायला हवा, सर," ती म्हणाली. आपला आवाज आपल्याला परक्यासारखा ऐकू येतोय असं तिला वाटलं.

सरांनी मांडीवरची टरफलं अंगणातल्या आंब्याच्या बुंध्याशी फेकली. "मी मेल्यावर घे," ते म्हणाले. "फार नाही थांबावं लागायचं. हृदयाच्या डॉक्टरने दोन वर्षं म्हटलंय, फार तर तीन. माझ्या शवपेटीवर लोकांना प्रोफेसर लिहू दे. मग तुझ्या मनाला येईल ते छाप. एवढं नाही का थांबणार तू, माझ्यासाठी?" आणि मग, बाप मुलीला विसरलेली गोष्ट सांगतो तशा सुरात, "शिवाय नीट विचार कर, पोरी. त्या बोर्नोच्या मुलीचा कागद मला कुणी आणून दाखवला होता?" आतून सरांच्या पत्नीने हाक मारली, "इबी, अमाला केलाय, जेवल्याशिवाय जायचं नाही!" आणि इबिदून आत गेली, हात धुतले, बसली आणि जेवली. एवेदूच्या पाल्याच्या बुळबुळीत रश्शात बुडवलेला अमालाचा गरम गोळा घशाखाली उतरत होता. तिला भूक लागली होती. याची लाज तिला पुढे कितीतरी दिवस बाकी सगळ्या लाजांपेक्षा जास्त वाटत राहिली. दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्यात किती प्रसूतिगृहांत, किती खाटांवर, असा हिशेब मनात सुरू झाला की ती तो अर्ध्यावर सोडून दुसऱ्या खोलीत जाई, जणू हिशेब त्या खोलीतच राहणार होता.

हदिजाचा नंबर मिळायला आठवडा गेला. पलीकडे मुलांचा कालवा होता. इबिदूनने नाव सांगितलं. "बोला, मॅडम," हदिजा म्हणाली. ती दचकली नाही, खूशही झाली नाही.

"तुमचं नाव मी सरांना सांगितलं होतं. पत्र दाखवलं होतं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तोंडी परीक्षेत त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, 'काय हो डॉक्टर, तुमच्या वॉर्डातून शुक्रवारी किती आया पळतात?' सगळे हसले. मीही हसले, म्हटलं, सर चांगल्या मूडमध्ये दिसतात. दुसऱ्या प्रश्नाला कळलं." पलीकडे तिने कुणाला तरी सलाइन बदलायला सांगितलं. "मॅडम, माफी मागायला फोन केला असेल तर मला राउंडला जायचंय. पत्र हवं असेल तर सांगा. माझ्याकडे प्रत आहे."

"हवं आहे."

"सात वर्षं लागली," हदिजा म्हणाली. "बरं. पाठवते." आणि खरंच तासाभरात पत्र आलं. मागेपुढे एक शब्द नाही.

संपादक मंडळाच्या बैठकीत पाच माणसं होती आणि पंखा बंद होता. विभागप्रमुख मवाळ माणूस. ते म्हणाले, आकड्यांत काही तांत्रिक त्रुटी आढळल्याने, असं लिहू या, कुणाचं नाव नको, कुणाचं मन दुखायला नको. कोलावोले इतका वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत होता. "जिवंत माणसाला खांदा द्यायला निघालीस तू," तो म्हणाला. "तुझ्या लग्नात बापाच्या जागी कोण बसलं होतं, विसरलीस?" इबिदून म्हणाली, "नाही विसरले. आणि तुझ्या दोन ओळीही माझ्याकडे आहेत." त्याने पेनाला टोपण लावलं. तिने लिहून आणलेला मजकूर वाचून दाखवला. दोनशे बारांपैकी एकशे अठ्ठेचाळीस मुलं अस्तित्वात नव्हती. हे लेखकाने मान्य केलं आहे. पहिल्या परीक्षक, डॉ. हदिजा बुकार, यांनी हे छापण्यापूर्वीच दाखवून दिलं होतं. संपादक इबिदून लालेये यांनी त्यांचं मत दडपलं आणि त्यांचं नाव लेखकाला सांगितलं. या निबंधाच्या आधारे उपचार करू नयेत. विभागप्रमुखांनी घाम पुसला. "तुझं नाव कशाला घालतेस, बाई? तुझं पद जाईल." ती म्हणाली, "जाईल." हे बोलताना आपल्याला हलकं वाटेल अशी तिची समजूत होती. तसं काही झालं नाही. पंख्याकडे बघत ती एवढाच विचार करत होती, की हे सांगायला आधी माझ्याकडे सात वर्षं होती, तेव्हा मी कुठे जात होते, काय खात होते, कुणाच्या लग्नाला नटत होते.

अंक निघाला. तिचं पद गेलं आणि कोलावोले संपादक झाला. सरांचं काहीच गेलं नाही. एकदा दिलेली पदवी कुणी काढून घेत नाही, आणि गल्लीतली पोरंही त्यांना प्रोफ म्हणायची ती म्हणतच राहिली. पुढच्याच्या पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर ते समोर आले. इबिदूनने गुडघे टेकले. सर थांबले, तिच्या डोक्यावरून पाहून मागच्या माणसाला म्हणाले, "काय, तब्येत कशी आहे?" आणि काठी टेकत पुढे गेले. ती पायरीवर तशीच राहिली. लोक दोन्ही बाजूंनी, झऱ्यातल्या दगडाला वळसा घालावा तसे, उतरत होते. सरांच्या पत्नीने मात्र जाता जाता तिच्या दंडाला क्षणभर धरलं होतं. ते सांत्वन होतं की तोल सावरण्यासाठी घेतलेला आधार, हे तिला कळलं नाही. हदिजाला तिने अंक पाठवला. पोच आली नाही. आदुन्नीबाईंचा नातू रांगायला लागला होता आणि कुंपणापलीकडून त्याचं ओरडणं ऐकू येई, तेव्हा इबिदूनला बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्याचा तिला संशय यायचा. महिने गेले. सूचना कुणी वाचली असेल असं वाटण्याजोगं काही घडलं नाही.

मार्चमधल्या एका दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. बाईंचा आवाज वयस्कर होता आणि मागे पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी खाडीतल्या एका गावाचं नाव सांगितलं, इबिदूनने ते कधी ऐकलं नव्हतं. "मी इथली दाई, मॅडम. दवाखान्यात मीच असते, डॉक्टर महिन्यातून एकदा बोटीने येतात. तुमच्या पुस्तकातलं पान कुणीतरी फोनवर पाठवलं. ते तीन दिवसांचं खोटं होतं म्हणे?"

"खोटं होतं."

"आम्ही सहा वर्षं तीनच देतोय."

इबिदूनने फोन दुसऱ्या कानाला लावला. बाई म्हणाल्या, "मग आता किती?"

"सात. पहिल्यासारखे सात."

"सात दिवस थांबत नाहीत हो बायका. बोट मिळाली की निघतात."

"माहीत आहे."

"म्हणजे तीन बरे की सात, हे नक्की कुणालाच ठाऊक नाही, असंच ना?"

"असंच."

पाणी वाजत राहिलं. कुणीतरी वल्ह्याने काहीतरी खरवडत होतं. "माझ्याकडे वही आहे," बाई म्हणाल्या. "कोण कितव्या दिवशी गेलं, कोण परत आलं, कोणाचं काय झालं, सगळं लिहिलंय. मला सवयच आहे. कुणी कधी मागितली नाही. पण पानांना पाणी लागलंय, फोटोत दिसत नाही. वाचून दाखवू?"

इबिदूनने कागद ओढला. पट्टी घट्ट दाबून रेघा मारल्या. "दाखवा. सावकाश सांगा. जे पुसलं गेलंय ते पुसलंय म्हणा, अंदाजाने सांगू नका. पहिलं मूल. नाव?"

"नाव कुठलं, मॅडम? आठव्या दिवशी बारसं. तिथपर्यंत पोचलं तर नाव. आयांची नावं आहेत माझ्याकडे."

"मग आईचं सांगा."

"ओरिओला. मुलगा. इंजेक्शन तीन दिवस. चौथ्या दिवशी बोटीने गेली, पाचव्याला परत आणला. सहाव्याला..." बाई थांबल्या. "लिहिलंत?"

"लिहिलं," इबिदून म्हणाली. "पुढचं सांगा."